बेळगावात दुपारचं जेवण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, कॉलेजचा प्रवेश अशा कामांसाठी तालुक्यांतून बेळगावला येणाऱ्या वाचकांनी दुपारच्या जेवणाबद्दल पाठवलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बहुतेकांनी हॉटेलांची नावं मागितली आहेत. ती आम्ही देत नाही. पाटीवरचं नाव तेच राहतं आणि आचारी बदलतो, मग वर्षापूर्वीची शिफारस आज उपयोगाची नसते. त्यापेक्षा दारात उभं राहून दोन मिनिटांत पारख कशी करायची, हे ज्याचं त्याला जमलेलं बरं.

प्रश्न: जमिनीच्या दाव्यासाठी वरचेवर बेळगावच्या कोर्टात यावं लागतं. सोबत सत्तरीचे वडील असतात. दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी होते आणि तीनला परत उभं राहायचं असतं. चन्नम्मा चौकाच्या आसपास हॉटेलं पुष्कळ, पण त्या वेळी जागा मिळत नाही आणि मिळाली तर अन्न गार असतं. काय करावं? (शेतकरी, निपाणी)

दोन वाजता त्या चौकात वकील, पक्षकार, कलेक्टर कचेरीत आलेली माणसं आणि जिल्हा रुग्णालयातले नातेवाईक असे सगळे एकदमच बाहेर पडतात. हॉटेलवाल्याचा पहिला स्वयंपाक साधारण बारा ते साडेबाराला तयार असतो. दोनला येणाऱ्याला एकतर त्यातलं उरलेलं मिळतं, नाहीतर ताजं केलेलं. यातलं काय मिळेल हे सकाळी कोर्टात जाण्याआधीच कळू शकतं. साडेदहाला चहा घ्यायला जाल तेव्हा गल्ल्यावर विचारा, "दुसरा भात किती वाजता उतरतो?" जिथे दीड-दोनला पुन्हा भात लावतात तिथला माणूस लगेच वेळ सांगतो. जिथे सकाळी एकदाच लावून दिवसभर वाढतात तिथे हा प्रश्न समजतच नाही, किंवा "आहे की, कधीही या" असं उत्तर मिळतं. अशा ठिकाणी दोनला जाऊ नका.

वेळेचा हिशेब असा धरा: जायला दहा मिनिटं, टेबल मिळायला दहा, जेवायला पंचवीस, बिलाला पाच, परत यायला दहा. एवढ्यात बसते ती फक्त थाळी किंवा मील्स. मेन्यूकार्ड उघडून पंजाबी भाजी आणि तंदूर रोटी मागवली की गर्दीच्या वेळी नुसतं ताट समोर यायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कूपन आधी घ्यायची पद्धत असेल तर तुम्ही कूपनाच्या रांगेत राहा आणि वडिलांना आधी बसवा. त्यांच्यासाठी तळमजला, पाठ टेकायला खुर्ची आणि हात धुवायला पायरी नसलेली जागा बघा. बऱ्याच जुन्या हॉटेलांत फॅमिली सेक्शन माडीवर असतो आणि जिना उभा असतो.

साडेबारालाच पुढची तारीख मिळून मोकळे झालात तर मात्र आधी जेवून घ्या आणि मग झेरॉक्स, नकला वगैरे उरका. साडेबारा ते सव्वा ही बेळगावच्या बाजारपेठेत जेवायची सगळ्यात चांगली वेळ. भात वाफाळता असतो, भाजीचं पातेलं भरलेलं असतं आणि आमटीत अजून पाणी ओतलेलं नसतं. पाणी वाढवलेली आमटी वाटीत दोन मिनिटं ठेवली की डाळ खाली बसते आणि वर पिवळं पाणी तरंगतं.

आणि दारातली दोन मिनिटं. आत पाऊल टाकलं की टेबल पुसायच्या फडक्याकडे बघा. तेच फडकं ताटांवरून फिरत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही. प्रत्येक भांड्यात त्याचा त्याचा डाव आहे का, पातेली झाकलेली आहेत का, बेसिनजवळ साबण आहे का, वाढपी पाण्याच्या पेल्यात बोटं घालून पेले उचलतो का, हे बघायला बसावंसुद्धा लागत नाही. गर्दी ही चांगली खूण खरी, पण रोजच्या माणसांची. जी माणसं मेन्यूकडे न बघता बसतात आणि वाढपी त्यांना न विचारता वाढतो, तिथे खुशाल बसावं.

प्रश्न: बाजारात राइस प्लेट खाल्ली आणि संध्याकाळच्या आत उलट्या सुरू झाल्या. सोबतच्या दोघांनी तेच खाल्लं, त्यांना काही झालं नाही. भात तर गरम होता, मग दोष कशाचा? (दुकानदार, संकेश्वर)

गरम म्हणजे ताजा असं समजू नका. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातले सुप्त जिवाणू, भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. शिजलेला भात पातेल्यात कोमट अवस्थेत तीन-चार तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. अशा भाताने एक ते सहा तासांत उलट्या होतात. तुमची हकिगत याच्याशी जुळते. जिवाणू पातेल्यात सगळीकडे सारखे पसरत नाहीत, म्हणून तळाचा किंवा कडेचा भात ज्याच्या ताटात गेला त्याला त्रास होतो आणि शेजारचा सुटतो.

मटणाच्या रश्श्यात दुसरा जिवाणू असतो, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. मोठ्या पातेल्यातला रस्सा मध्यभागी तासन् तास कोमट राहतो, तिथे तो वाढतो. त्याचा त्रास सहा ते चोवीस तासांनी होतो आणि उलटीपेक्षा पोटात कळा व जुलाब जास्त होतात. त्यामुळे रात्री पोट बिघडलं तर दोष दुपारच्या जेवणाचा असू शकतो, तसा आदल्या दिवशीच्या जेवणाचाही. शेवटी जे खाल्लं त्यालाच दोष देण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडली तर खरं कारण सापडतं.

नियम सोपा आहे. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर ठेवला पाहिजे आणि थंड 5 अंशांच्या खाली. ग्राहकाकडे थर्मामीटर नसतो, पण ओळखायला खुणा आहेत. ताज्या भाताचं शीत ओलसर असतं आणि बोटाने दाबलं की पूर्ण चिरडतं. ठेवलेल्या भाताचं शीत बाहेरून कोरडं होतं, टोकं कडक लागतात आणि मधूनमधून गोळे निघतात. फोडणीचा भात, फ्राइड राइस, लेमन राइस यांत ही खूण लपते, म्हणून अनोळखी ठिकाणी दुपारी तीननंतर हे पदार्थ मागवू नयेत. ओल्या नारळाची चटणी सकाळी वाटून बाहेर ठेवलेली असेल तर दुपारपर्यंत आंबते. चिरून ठेवलेला कांदा आणि काकडीही तशीच. कांदा मागायचा तर समोर चिरून मागा. लिंबू पिळलं म्हणून जंतू मरत नाहीत.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट प्या. रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर घरी थांबू नका.

प्रश्न: खानावळीत भाकरी ताजी आहे की सकाळची, हे कसं ओळखावं? आणि कडक भाकरी म्हणजे शिळी का? मुलं तसं म्हणतात. (गृहिणी, टिळकवाडी)

तुमच्या मुलांना सांगा की कडक भाकरी शिळी नसते. ती मुद्दाम पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत सुकवतात, आणि ती आठवडेच्या आठवडे टिकते. कन्नड खानावळीत तिला कडक रोट्टी म्हणतात, वर तीळ लावलेले असतात. तिची कसोटी आवाज. मोडताना टक्‌ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. वाकली किंवा चिवट लागली तर तिने हवेतलं पाणी ओढलेलं आहे. पावसाळ्यात उघड्या टोपल्यातली कडक भाकरी हमखास अशी होते, म्हणून जून ते सप्टेंबर मऊ भाकरीच मागावी.

मऊ भाकरीची गोष्ट वेगळी. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं चिवट प्रथिन, नसतं, पीठ गरम पाण्यात मळलं की पिठातला स्टार्च चिकट होतो आणि त्यावर भाकरी उभी राहते. तव्यावरून उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तोच स्टार्च घट्ट होऊ लागतो. म्हणून ताजी भाकरी घडी घातली तरी तुटत नाही, तासाभरापूर्वीची घडीवर चिरते. पापुद्रा उचलून बघा. ताज्या भाकरीचा पापुद्रा सुटा निघतो आणि आतून वाफ येते. झाकून ठेवलेली भाकरी वाफेने ओली होते आणि पापुद्रा खालच्या थराला चिकटतो. परत तव्यावर टाकून गरम केलेली असेल तर कडा काळ्या आणि मध्य मऊ असा प्रकार दिसतो.

चव कडवट असेल तर दोष पिठाचा. ज्वारीच्या पिठातलं तेल काही आठवड्यांत खवट होतं. चांगल्या खानावळी पीठ दोन-चार दिवसांपुरतंच दळून आणतात. रंगावरही काही कळतं: रब्बीची शाळू ज्वारी, विशेषतः मालदांडी, पांढरीशुभ्र आणि गोडसर भाकरी देते. अथणी आणि त्याच्या पलीकडच्या विजापूर भागातली ज्वारी कुठे वापरतात ते विचारा. ज्यांना त्याचा अभिमान असतो ते आपणहून सांगतात.

आता भाकरीसोबत काय. पूर्ण ताटात दोन भाकरी, भरली वांगी, मूग किंवा मटकीची उसळ, झुणका, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दही, कच्चा कांदा, हंगामात मेथीची कच्ची पानं, आणि शेवटी थोडा भात-आमटी असं असतं. या ताटाचा कस लावायचा तो वांग्यावर. वांगी लहान, कोवळी, देठासकट असावीत. देठ धरून उचललं की वांगं अख्खं उचललं जावं आणि चमचा लावताच फुटावं. मसाल्याच्या कडेने तेल सुटलेलं असेल तर दाण्याचं कूट नीट शिजलेलं आहे. तेल न सुटता मसाला पांढुरका आणि पिठूळ असेल तर कूट कच्चं राहिलं आहे, पोट जड होणार. उन्हाळ्याच्या शेवटी वांगी जून होतात, बिया काळ्या पडतात आणि चव उतरते. त्या दिवसांत उसळ आणि झुणक्यावर भर द्यावा.

शेंगदाण्याची चटणी जिभेवर कडू लागली तर एक घासही गिळू नका. बुरशी आलेले दाणे दळलेले असतात आणि त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. खानावळवाल्याला सांगा. चांगला असेल तर तो ती बरणी बाजूला काढतो.

झुणका गार झाला तर वडीसारखा घट्ट होतो, तोही तव्यावर परतून देतात. त्यात वाईट काही नाही, पण मागितल्याशिवाय करत नाहीत, म्हणून मागा.

प्रश्न: मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही बारा बायका खडेबाजार, गणपत गल्ली आणि शहापूरला जाणार आहोत. दोघींचा उपास आहे, एक जैन आहे, दोघींचे गुडघे दुखतात. जेवणाची व्यवस्था कशी करावी? (खानापूर)

पहिलं, शनिवार टाळा. त्या दिवशी शहराचा आठवडी बाजार असतो आणि खेड्यापाड्यांतली माणसं गल्ल्यांत उतरलेली असतात. दुसरं, कपडे आधी की साड्या आधी हे ठरवताना जेवण कुठल्या भागात येतं ते बघा. खडेबाजार आणि गणपत गल्ली एकमेकींना लागून आहेत, शहापूर तिथून दूर. सकाळी खडेबाजार, मग जेवण, मग रिक्षाने शहापूर असा क्रम ठेवला तर जेवणासाठी उलटं यावं लागत नाही. गाडी आत घालू नका. दुकानदार बांधलेली गाठोडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात, ती उचलून हॉटेलात नेण्याची गरज नाही.

बारा जणींना एकत्र टेबल हवं असेल तर अकराच्या आत कुणी एकीने प्रत्यक्ष जाऊन सांगावं आणि सव्वाबाराला पोचावं. एकनंतर बारा खुर्च्या एकत्र मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी अर्ध्या जणींचं जेवण होईपर्यंत उरलेल्यांचं ताट येत नाही. टेबल सांगतानाच तिथलं बाथरूम बघून यावं. हे सांगायला संकोच वाटतो, पण दिवसभर फिरणाऱ्या बायकांना जेवणाइतकीच ती गरज आहे, आणि माडीवर असेल तर गुडघेदुखी असलेल्या दोघींचं काय ते तेव्हाच कळतं.

अनलिमिटेड थाळी घ्यावी का? ज्या दोन वाट्या भात खाऊन उठतात त्यांच्यासाठी ती महागच पडते, आणि एका थाळीत दोघींनी जेवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. लिमिटेड थाळी आणि वर लागेल तशी एक्स्ट्रा वाटी हे बरं. सुटं मागवायचं ठरलं तर उपासाच्या दोघी सोडून दहा जणींना पाच प्लेट भाजी (दोन प्रकारांत), तीन प्लेट डाळ, पंचवीस फुलके, तीन प्लेट भात आणि दहा ताक एवढं पुरतं. भात एकदम मागवू नका, फुलके अर्धे झाले की सांगा, नाहीतर गार होतो.

जैन मैत्रिणीसाठी "कांदा-लसूण नको" एवढं सांगून भागत नाही. ग्रेव्हीचा मसाला सकाळीच कांदा घालून तयार केलेला असतो, वाढपी हो म्हणाला तरी भाजी त्यातूनच येते. तिच्यासाठी जे आयत्या वेळी फोडणीला पडतं तेच मागवा: साधी डाळ, जिरा राइस, दही. बटाटा चालत नसेल तर तेही आधीच सांगा. उपासाची साबुदाणा खिचडी सकाळीच होते आणि बहुधा दुपारपर्यंत संपते. उरली असेल तर चिकट गोळा झालेली असते. दोघींनी ती साडेनऊ-दहाला खाऊन घ्यावी आणि दुपारी ताक, फळं घ्यावीत.

प्रश्न: फिश थाळीत मासा ताजा आहे हे तळल्यावर कसं कळणार? (शिक्षक, गोकाक)

तळल्यावरच जास्त कळतं. ताज्या माशाचं मांस काट्यावरून पदरापदराने सुटतं आणि ओलसर चमकतं. जुन्या माशाचं मांस भुगा होतं, कोरडं लागतं किंवा उलट लगदा होतो. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर बाजूला सारा. रव्याचा थर जाड असेल तर तो बोटाने सोलून आतलं मांस बघा, त्यात काही गैर नाही.

बांगडा खाताना मिरची नसूनही जिभेवर मिरीसारखी चुणचुण झाली, तोंड लाल झालं, डोकं ठणकू लागलं तर खाणं थांबवा. बांगडा किंवा ट्यूनासारखा मासा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं, आणि तळून ते जात नाही. अशा वेळी श्वास अडकतोय असं वाटलं तर सरळ दवाखाना गाठावा.

कोणता मासा आहे हेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सुरमईची तुकडी कण्यासकट मागा: मध्ये एक गोल कणा असतो आणि मांसात बारीक काटे जवळजवळ नसतात. रोहू-कटल्याच्या तुकडीत इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले बारीक काटे मांसात रुतलेले असतात. एकही काटा नसलेलं, फार मऊ आणि चवीला सपाट लागणारं "फिश फ्राय" बहुतेक वेळा बासा या स्वस्त माशाचं असतं. बासा खराब नसतो, पण त्याला सुरमईचा भाव देऊ नये.

बेळगावला मासे गोव्याहून चोर्ला घाटातून आणि मालवण-वेंगुर्ल्याकडून आंबोलीमार्गे येतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या 61 दिवसांत "आजच गोव्याहून आला" असं सांगितलं तर तो लहान होडीचा थोडासा माल असू शकतो, बर्फातला जुना असू शकतो, किंवा जूनच्या मध्यानंतर पूर्व किनाऱ्याचा. पूर्वेची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. पावसाळ्यात खाडी-नदीचा मासा किंवा सुकटीची चटणी घ्यावी, ती प्रामाणिक असते.

मटणालाही दिवस असतात. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवारी आणि श्रावणात गिऱ्हाईक कमी. कमी खपाच्या दिवशी पातेलं जास्त वेळ चुलीवर राहतं. अशा दिवशी तांबडा-पांढरा रस्सा खायचा मोह झाला तर जिथे त्या दिवशीही टेबलं भरलेली दिसतात तिथेच बसा.

प्रश्न: चिकन कबाब लालभडक असेल तर खावा का? (विद्यार्थी, चिकोडी)

नको. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये आणि जून 2024 मध्ये व्हेज, चिकन आणि फिश कबाबमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली आहे. ब्याडगी मिरचीचा रंग गडद विटकरी असतो आणि तो तेलात उतरतो. बोटं गुलाबी-लाल झाली आणि साबणाने धुवूनही डाग राहिला तर तो मिरचीचा नाही.

प्रश्न: बिलात जीएसटी, सर्व्हिस चार्ज, वर 20 रुपयांची पाण्याची बाटली 30 ला. यातलं काय बरोबर? (निवृत्त लिपिक, शहापूर)

साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, 5 टक्के जीएसटी, बिलात 2.5 अधिक 2.5 असा दोन ओळींत. बिलावर "कंपोझिशन" (छोट्या व्यावसायिकांची ठोक कराची योजना) असं लिहिलेलं असेल तर त्या हॉटेलाला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. लावला असेल तर तो कापून मागा.

सर्व्हिस चार्ज तुमच्या मर्जीचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तो आपोआप बिलात घालू नये असं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते कायम केलं. काढायला सांगा, नाही काढला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

बाटलीचं मात्र हॉटेलवाल्याच्या बाजूने आहे. टेबलावर बसवून वाढलेल्या बाटलीला छापील किमतीची मर्यादा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं. म्हणून बाटली बाहेरून घेऊन जा, किंवा साधं पाणी मागा आणि ते फिल्टरच्या नळाचं आहे ना ते बघा. बिलावर 14 आकडी अन्न परवाना क्रमांक छापलेला असावा. 1 जानेवारी 2022 पासून तो बंधनकारक आहे.

प्रश्न: चंदगडहून येतो. बाजाराबाहेरच्या खानावळींत पाट्या नुसत्या कानडीत असतात. काय मागायचं? (ट्रक चालक)

वाढपी मराठी समजतात, निःसंकोच बोला. तरी एवढे शब्द बरोबर ठेवा: ऊटा म्हणजे जेवण, रोट्टी म्हणजे भाकरी, पल्या म्हणजे भाजी, सारू म्हणजे पातळ आमटी, मोसरू दही, मज्जिगे ताक, कोळी कोंबडी, कुरी मेंढी, मीनू मासा. तिखट कमी हवं तर "खारा कडिमी", पुरे म्हणायला "साकू".

प्रश्न: आईला मधुमेह आहे. दवाखान्यात उपाशीपोटी रक्त दिल्यावर जेवून दोन तासांनी पुन्हा यायला सांगतात. बाहेर काय खायला द्यावं? (नोकरदार, येळ्ळूर)

दोन तास मोजायचे ते जेवणाच्या पहिल्या घासापासून, जेवण संपल्यापासून नाही. पहिल्या घासाची वेळ कागदावर लिहा. म्हणून प्रयोगशाळेपासून चालत पाच-दहा मिनिटांवरचं आणि ताट लगेच येणारं हॉटेल निवडा. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्यायचं की नाही हे सकाळीच विचारून घ्या. जेवणाआधी इन्सुलिन असेल तर ताट समोर येईपर्यंत ते टोचू नका. गर्दीत ताट अर्धा तास लांबलं तर साखर धोक्याइतकी उतरते.

त्या दिवशी मुद्दाम कमी खाऊ घालू नका, तपासणीला अर्थ राहत नाही. घरी जेवढं जेवते तेवढंच द्या. एरवी काकडी-कोशिंबीर आणि उसळ आधी, मग भाकरी, शेवटी अर्धी वाटी भात हा क्रम बरा. ज्वारीची भाकरी म्हणजे साखर वाढतच नाही, असं बरेच जण समजतात, पण ते खरं नाही. खानावळीची एक मोठी भाकरी घरच्या दोन फुलक्यांहून जास्त भरते, ती एकच पुरे. आमटी-सांबारात गूळ असतो, ताक बिनसाखरेचं आहे का विचारा, आणि रक्तदाब असेल तर पापड-लोणचं ताटातून काढून ठेवायला सांगा.

प्रश्न: रोज दुपारी कमी पैशांत पोटभर जेवण? (विद्यार्थिनी, अनगोळ)

2017 साली सुरू झालेल्या कर्नाटक सरकारच्या इंदिरा कँटीनमध्ये दुपारचं जेवण 10 रुपयांत मिळतं, मात्र लवकर जावं, ठरलेली ताटं संपली की संपली. रोजचं असेल तर मेस लावा, पण महिन्याचे पैसे एकदम देऊ नका. आधी सलग आठवडाभर सुटं जेवून बघा, त्यात एक रविवार धरा. सुट्टी घेतली तर किती दिवस आधी सांगावं आणि पैसे वळते होतात का, हे लिहून घ्या.

प्रश्न: दवाखान्यात थांबलेल्या माणसासाठी पार्सल न्यायचं असतं. कोणतं जेवण टिकतं? (हुक्केरी)

कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुकी बटाट्याची किंवा मटकीची भाजी, चपाती. ही चार-पाच तास बरी राहतात. भात, आमटी आणि नारळाची चटणी यांचं पार्सल दोन तासांत संपवावं. दही स्वतंत्र घ्यावं, भातात कालवून आणू नये. गरम आमटी पातळ पिशवीत बांधून देत असतील तर घरून स्टीलचा डबा न्या, बहुतेक हॉटेलं त्यात भरून देतात. डबा आधी गरम पाण्याने विसळून न्यावा, आणि भाकऱ्या बांधण्याआधी पाच मिनिटं उघड्यावर ठेवायला सांगाव्यात, म्हणजे वाफेने ओल्या होत नाहीत.